बिट्टीच्या पलंगावरचा तडा

भिंतीला काचेची एक पट्टी चिकटवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. बोटाएवढी पट्टी. तिच्यापायी सगळं घर जागचं हलेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. (खरं सांगायचं तर स्वप्नात आलं होतं. पण तिच्या स्वप्नात काय येत नाही? शाळेची बस चुकते, गॅस चालू राहतो, परीक्षेच्या हॉलमध्ये ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पोचते. त्यामुळे स्वप्नांची साक्ष काढायची नाही, असा तिनं नियमच केला होता.)

तिशी उलटून गेल्यावर आणि पदरात सहा वर्षांची मुलगी असताना ती पुन्हा इंजिनिअरिंग कॉलेजात जायला लागली होती. त्याआधी ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत असे. डिप्लोमा होता, हात चांगला होता, पण नकाशा तिनं काढायचा आणि खाली सही डिग्रीवाल्यानं ठोकायची, अशी तिथली रीत. सही करणारे दरवर्षी तरुण होत चालले. शेवटी, ज्या पोराला तिनं कॉम्प्युटरवर जिना कसा काढायचा हे हाताला धरून शिकवलं होतं, तोच साहेब होऊन तिच्या जिन्यावर लाल खुणा करायला लागला. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं जाहीर केलं की मला डिग्री करायची आहे.

घरातून विरोध होणार हे धरून तिनं मुद्दे तयार ठेवले होते. ते सगळे वाया गेले. सासऱ्यांनी पेपरातून मान वर न करता "कर की" म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, बिट्टीचं मी बघते. नवऱ्यानं तर फीची चौकशी आधीच करून ठेवलेली निघाली. इतकी सहज संमती मिळाल्यावर मात्र ती धास्तावली. नाही म्हणाले असते तर जन्मभर त्यांच्या नावानं खडे फोडता आले असते. आता आपण नापास झालो तर दोष द्यायला घरात एकही माणूस शिल्लक नाही, हे तिच्या लक्षात आलं.

आणि ती नापास झालीसुद्धा. सगळ्यांत नाही, स्ट्रक्चर्समध्ये, म्हणजे इमारत कशाच्या जोरावर उभी राहते ते शिकवणाऱ्या विषयात.

कॉलेजात पहिल्या दिवशी तिला पाहून सगळा वर्ग उभा राहिला होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर वर्ग खाली बसला आणि दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांची काकू झाली. स्ट्रक्चर्स शिकवणारे सर तिच्याहून लहान होते. ती त्यांना सर म्हणे, ते तिला मॅडम म्हणत. बाहेरच्या माणसाला कोण कुणाला शिकवतंय हे कळायचं नाही. पेपर तपासून आले की मात्र कळायचं.

नापास झाल्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. तेच तिला जास्त लागलं. सासूबाई दुधाचा पेला तिच्या टेबलावर ठेवून पाय न वाजवता निघून जायच्या, जसं काही घरात कुणी आजारी आहे. तिनं मनाशी ठरवून टाकलं: या खेपेला स्ट्रक्चर्स सुटला तर पुढे जायचं. नाही सुटला तर मुकाट्यानं जुन्या ऑफिसात परत, लाल खुणा झेलायला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. (तिला वाटत होतं की सांगितलं नाही. झोपेत ती मोठ्यानं बोलते हे तिला कोण सांगणार?)

या खेपेला लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही होती. प्रत्येकानं एखाद्या खऱ्याखुऱ्या इमारतीतलं खरंखुरं दुखणं निवडायचं, त्याचा अभ्यास करायचा आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे निदान सांगायचं. कुणी कॉलेजची गळकी गच्ची घेतली, कुणी पुलाचा गंजलेला कठडा घेतला. तिला दुखणं शोधायला जावं लागलं नाही. ते तिच्या मुलीच्या पलंगावरच होतं.

मागच्या खोलीत, बिट्टी झोपायची तिथे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा निघून तिरका चढत छतापर्यंत गेला होता. नखभर रुंदीचा. सरांनी तड्यांचा धडा शिकवला त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. सर म्हणाले होते, तडे दोन जातींचे. मेलेला तडा म्हणजे जेवढं फाटायचं तेवढं फाटून गप्प पडलेला. जिवंत तडा म्हणजे अजून वाढणारा. तोंडावरून दोन्ही सारखेच. ओळखायचं कसं? तड्यावर आडवी काचपट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. काच खोटं बोलत नाही.

घरात मात्र त्याला तडा म्हणायची सोय नव्हती. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि हे घर त्यांनी भर नोकरीत, बिनपगारी रजा काढून, समोर खुर्ची टाकून बांधून घेतलं होतं. एकेक वीट हातानं वाजवून घेतली होती. भिंतींवर पाणी मारायचं काम गवंड्यावर न सोपवता स्वतः नळी धरून केलं होतं. घर पुरं झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला. त्यामुळे तिचा नवरा या घराचा धाकटा भाऊ म्हणूनच वाढला आणि थोरल्याचं कौतुक जरा जास्तच असतं याची त्याला सवय होती.

"तडा नाही तो," सासरे म्हणत. "प्लास्टरची सुरकुती आहे. माझ्या कपाळाला नाहीत?"

तिनं एकदा भीत भीत सुचवून पाहिलं की बिट्टीचा पलंग पुढच्या खोलीत आणू. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तो सबंध दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. संध्याकाळी तिनं सूचना मागे घेतली. केर काढायला सोपं पडतं म्हणून पलंग फक्त वीतभर अलीकडे ओढला. छत कोसळायचं ठरवलंच तर ते ही वीत मोजून कोसळेल, असं काही तिच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पण आईच्या मनाला वीतभरही पुष्कळ असतं.

म्हणून काचपट्टी. तिचा नवरा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्ताचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्या काचपट्ट्यांचं एक पाकीट त्यानं आणून दिलं. एवढं कशाला, एकच पुरे, असं ती म्हणाली. तो म्हणाला, असू दे, काच आहे. (या माणसाच्या दूरदृष्टीचा तिला पुढे फार राग यायचा होता.) डब्यातलं उरलेलं प्लास्टर कालवून, स्टुलावर चढून, श्वास रोखून तिनं पट्टी बसवली. खाली उभं राहून सगळं घर बघत होतं.

"घराचं रक्त तपासणार वाटतं," सासरे म्हणाले.

तिनं सगळ्यांना बजावलं की हिला कुणी हात लावायचा नाही. माझी परीक्षा हिच्यावर आहे. हे वाक्य तिनं जरा जास्तच जोर देऊन उच्चारलं आणि सगळा घोटाळा त्या जोरानं केला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती स्टुलावर चढायची, पट्टीकडे डोळे बारीक करून पाहायची आणि खाली उतरून "शाबूत" म्हणायची. घरातले सगळे मोठ्या समाधानानं माना हलवायचे. महिना गेला, दुसरा सरत आला. पट्टी शाबूत. तडा मेलेला आहे याची तिला खात्री पटत गेली आणि कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागायला लागली. चेहऱ्यावर तजेला आला. वर्गातली मुलं म्हणाली, काकू, तुम्ही हल्ली हसता. अभ्यासही डोक्यात शिरायला लागला. एका काचेच्या तुकड्यावर एवढा डोलारा उभा राहिला होता, आणि तिला वाटत होतं, आपण इंजिनिअर होत चाललोय.

लेखी पेपर बरा गेला. तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं सहज, उत्तराची रंगीत तालीम म्हणून, घरच्यांना सांगितलं की मी आज परीक्षकांना काय सांगणार आहे. काचपट्टी इतके आठवडे तुटली नाही, तेव्हा भिंत स्थिर आहे, तडा मेलेला आहे. काही करायची गरज नाही. बिट्टी बेलाशक तिथे झोपू शकते.

कुणी माना हलवल्या नाहीत. सासूबाईंचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला होता.

"हे तू परीक्षकांना सांगणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लेखी?"

"तोंडी आणि लेखी."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्या तशा धीराच्या बाई. पण सरकारी शिक्का बसेल अशा कागदावर खोटं जायला नको, हे त्यांचं तत्त्व. नजर टेबलावर ठेवून त्यांनी सांगून टाकलं की एक काच त्यांच्या हातून फुटली. जाळी काढताना लांब झाडू लागला. तशी लगेच पाकिटातली दुसरी काढली, डब्यातलं प्लास्टर कालवलं आणि जशीच्या तशी बसवली. सून आताशी कुठे झोपायला लागली होती, तिला कशाला सांगायचं, एवढाच विचार केला.

तिला काही सुचण्याआधी सासरे बोलले. ते बायकोकडे बघत होते आणि त्यांच्या आवाजात चक्क आश्चर्य होतं.

"तू कशी फोडशील? ती मी फोडली."

त्यांचं असं झालं होतं की शेजारच्या भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होते. दोन ठोके घातले, वर पाहिलं तर काच तुटलेली. खिळा तसाच सोडला आणि आधी काच बदलली. कॅलेंडर अजून पलंगाखालीच आहे.

नवऱ्यानं घसा साफ केला. पट्टी थोडी वाकडी बसलीय असं त्याला वाटलं होतं (वाकडी असणारच, ती सासऱ्यांनी बसवलेली होती), म्हणून सरळ करायला गेला, तर बोट लागताच दोन तुकडे हातात आले. लॅबमध्ये जन्म गेला, पण एवढी कच्ची काच त्यानं पाहिली नव्हती. त्यानंही बदलली. पाकिटातल्या काचा कमी होतायत हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याला वाटलं बायको सराव करतेय.

म्हणजे दर रविवारी ती जिच्याकडे बघून "शाबूत" म्हणत होती, ती एकच काच नव्हती. काच खोटं बोलत नाही हे खरं. पण या घरानं तिला तोंड उघडायलाच दिलं नव्हतं. रागवावं की रडावं हे तिला ठरवता येईना. तिघंही मान खाली घालून बसले होते. आणि गंमत अशी की तिघांच्याही चेहऱ्यावर हलकं वाटल्याचं दिसत होतं. एवढे आठवडे प्रत्येकाला आपण एकटेच गुन्हेगार आहोत असं वाटत होतं.

बिट्टी बिस्किट चहात बुडवत होती. तिला यातलं काही नवीन नव्हतं. सगळं तिच्याच पलंगावर उभं राहून चाललेलं होतं आणि गप्प बसण्याबद्दल तिनं तिघांकडून वेगवेगळी चॉकलेटं वसूल केली होती. आता गुपित फुटलंच आहे म्हटल्यावर तिनं शेवटचं बिस्किट खाऊन टाकलं आणि मोठ्यांची चूक दुरुस्त केली.

"पण कुणीच नाही फोडली. ती आपली आपणच तुटते. टक् असं वाजतं. मग मी उठते."



मग सासूबाई हळूच म्हणाल्या, झाडू तसा काचेपर्यंत गेला नव्हता. सासरे म्हणाले, खिळा तर दुसऱ्या भिंतीत होता. नवऱ्यानं आपलं बोट पाहिलं. आणि ती, जिला स्ट्रक्चर्समध्ये गेल्या खेपेला काठावरचेही मार्क पडले नव्हते, उठून मागच्या खोलीकडे पळाली.

पट्टी तुटली होती. मधोमध, सरळ रेघ मारल्यासारखी. रविवारी ती शाबूत होती.

पुढचा अर्धा तास घरात जे झालं त्याला स्थलांतर म्हणतात. पलंग, खेळणी, शाळेचं दप्तर, सगळं पुढच्या खोलीत आलं आणि मागच्या खोलीला कुलूप लागलं. सासरे मदतीला आले नाहीत. काठी घेऊन घराभोवती फिरत राहिले, मधूनच भिंतीवर हात ठेवून थांबत, जसं तापलेल्या पोराचं अंग पाहतात. काच हलकी असेल, एवढंच त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा अगदी बारीक आवाजात.

परीक्षेला जाणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. कशाच्या तोंडानं जाऊ? तिची मुलगी दोन महिने जिवंत तड्याखाली झोपली होती आणि हिला गाढ झोप लागत होती. इंजिनिअर तर सोडाच, आई म्हणूनही आपण काठावर आहोत असं तिला वाटत होतं. सासूबाईंनी तिची पिशवी आणून तिच्या खांद्याला अडकवली.

"परीक्षा दे नाहीतर देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या त्या सरांना विचारून ये, आता काय करायचं. आमच्यात दुसरं कोण आहे ज्याला हे विचारता येईल?"

ती पोचली तेव्हा बाकी सगळ्यांच्या परीक्षा उरकल्या होत्या. मुलं जिन्यात बसून एकमेकांना उत्तरं विचारत होती. "काकू, जा लवकर, बाई फार कडक आहे," एकजण म्हणाला आणि दुसऱ्यानं तिच्या केसातलं प्लास्टर झटकलं.

परीक्षक म्हणजे साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. आयुष्य पूल आणि धरणं बांधण्यात गेलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज उघड्या मैदानावर कमावलेला. शेजारी सर बसले होते, आणि आपली विद्यार्थिनी या वेळी तरी तरावी म्हणून त्यांनी टेबलाखाली मुठी आवळल्या होत्या.

"हं. तुमचा तडा," परीक्षकबाईंनी तिची फाइल उघडत विचारलं, "जिवंत की मेलेला?"

कित्येक दिवस घोकलेलं उत्तर जिभेवर होतं. फाइलमध्येही तेच टाइप केलेलं होतं. ते म्हटलं असतं तर ती तिथल्या तिथे पास होती.

"फाइलमध्ये लिहिलंय ते खोटं आहे," ती म्हणाली. "मला आज सकाळी कळलं."

सरांनी डोळे मिटले. तिनं सगळं सांगितलं. झाडू, खिळा, वाकडी पट्टी, टक्. परीक्षकबाई हसतील किंवा रागावतील असं तिला वाटत होतं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही.

"त्या खोलीत कोण झोपतं?"

"माझी मुलगी. सहा वर्षांची आहे."

बाईंनी फाइल मिटली, पर्स उचलली. "घर किती लांब आहे? चला. उरलेली तोंडी परीक्षा तिथेच घेऊ. सर, तुम्हीही चला, मार्क दोघांनी मिळून द्यायचे असतात."

अशी ती आपली परीक्षा रिक्षात घालून घरी घेऊन आली.

दार सासऱ्यांनी उघडलं. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला, परीक्षक साहेब, या, असं म्हणून खुर्ची दिली आणि आईंना पण घेऊन आलात, बरं झालं, असं म्हणून बाईंना पंख्याखाली बसवलं. सरांनी घाईघाईनं खुलासा केला. बाई पंख्याखालून उठल्या आणि म्हणाल्या, सवय आहे, तडा कुठाय?

बाईंनी कुलूप उघडायला लावलं, तडा पाहिला, बोटानं चाचपला, खिडकी उघडून बंद करून बघितली. ती अडकत होती. मग वळून त्यांनी तिला विचारलं, "सांगा. काय झालंय?"

"अहो, मी नुसती जाळी..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. परीक्षा यांची आहे."

"वीट मी स्वतः वाजवून..." सासरे म्हणाले.

"तुमचीही नाही."

उत्तर तिला येत होतं. सकाळी कुलूप लावता लावताच आलं होतं. अडचण अशी होती की ते सासऱ्यांसमोर द्यायचं होतं. ज्या माणसानं "कर की" म्हणून तिला कॉलेजात धाडलं, त्याच्याच थोरल्या लेकराचं दुखणं त्याच्याच तोंडावर सांगायचं होतं. सासरे तिच्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते.

"तडा तिरका आहे, वर रुंद आणि खाली बारीक," ती म्हणाली. "खिडकी अडकतेय. म्हणजे मधली भिंत जागेवर आहे आणि मागचा कोपरा खाली बसतोय. पाया खचतोय."

"कशानं?"

ती बाहेर गेली. बाकीचे मागोमाग. घराच्या मागच्या कोपऱ्याला, बाथरूमचं सांडपाणी नेणारा पाइप जमिनीत शिरत होता तिथे, हिरवंगार गवत माजलं होतं. बाकी सगळं आवार कोरडं ठणठणीत. त्या हिरवळीचा सासऱ्यांना फार अभिमान होता; पाणी न घालता वाढते म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. तिनं काठी मागून घेतली आणि जमिनीत टोचली. काठी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

"पाइप जमिनीखाली फुटलाय. पाणी मुरतंय, त्यानं खालची माती धुपतेय." मग ती परीक्षकांकडे पाठ करून सासऱ्यांकडे वळली, जे परीक्षेत कधी करू नये. "बाबा, तुमची एक वीटसुद्धा चुकलेली नाही. भिंत चांगली आहे म्हणून तर एवढ्यावर निभावलंय."

सासऱ्यांनी वाकून त्या गवताला हात लावला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे घर वाईट नाही. आजारी आहे."

"आजारी आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "पाइप बदला, कोपरा खणून खालून काँक्रीटचा आधार द्या, बरं होईल. तोवर त्या खोलीत कुणी जायचं नाही. कॅलेंडर लावायलासुद्धा."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि सुनेच्या हातातली काठी परत न घेता तशीच तिच्याकडे राहू दिली. त्यांच्या बाजूनं तेवढं पुष्कळ होतं. तिला वाटलं, आता पडलं तर आभाळच पडेल, बाकी सगळं सावरलं.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "काचपट्टी बसवली की सगळ्यांत आधी तिच्यावर काय करायचं असतं?"

बाईंच्या पाठीमागे उभे असलेले सर हवेत बोटानं काहीतरी लिहायला लागले. तिला वाटलं ते माशी हाकलतायत.

"तारीख लिहायची," बाई म्हणाल्या. "काचेवर, न पुसणाऱ्या शाईनं. म्हणजे कुणी बदलली तर लगेच कळतं. कुठलंही पुस्तक घ्या, त्या धड्यातली पहिली ओळ आहे."

तिनं ती ओळ वाचली होती. दोनदा अधोरेखित केली होती. काचेवर लिहायला ही काय बरणी आहे, असं वाटून सोडून दिली होती.

परीक्षकबाईंनी तिथेच, सासऱ्यांच्या खुर्चीवर बसून मार्क भरले. सगळं निदान बरोबर, पण मुळातली काळजी घेतली नाही, त्याचे मार्क कापले. "पास आहात. काठावर. तुमची भिंतही काठावरच आहे. दोघी दुरुस्त होण्यासारख्या आहात," असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि सरांना घेऊन गेल्या. जाताना सर तिच्याकडे बघून इतके हसत होते की नापास होता होता तेच सुटलेत असं वाटावं.

संध्याकाळी पुढच्या खोलीत दाटीवाटीनं पलंग लावले गेले. बिट्टी मधल्या पलंगावर आडवी झाली आणि इथे टक् वाजत नाही, अशी तक्रार करत झोपून गेली. तिची आई मात्र पायथ्याशी बसून होती. पास झाल्याचा आनंद तिला धड होईना. तारीख. नुसती तारीख. एवढी साधी गोष्ट केली असती तर पहिली काच बदलताच सगळं उघड झालं असतं आणि लेकीला त्यानंतर एक दिवसही तिथे झोपावं लागलं नसतं. हे तिनं तिसऱ्यांदा बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई चादरीची घडी घालता घालता थांबल्या. सुनेला असं मनाला लावून घेताना त्यांच्यानं बघवेना.

"उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तारीख असती तरी तुला काही कळलं नसतं. तीही मी घातली असती की. हुबेहूब तुझ्या अक्षरात."

"माझ्या अक्षरात? तुम्हाला कसं जमलं असतं, आई?"

"न जमायला काय झालं? बिट्टीच्या गृहपाठावर वर्षभर तुझी सही मीच करतेय." सासूबाईंनी चादर झटकून नातीच्या अंगावर घातली. "तिच्या वर्गाच्या बाई तर परवा म्हणाल्या, या मुलीच्या आईचं लक्ष फार बारीक आहे हो, एक दिवस चुकत नाहीत."